सर्जापूर रोडवरची निळी चटई

या ब्लॉगवर आजवर मी किल्ले, घाट आणि मिसळ यांच्यापलीकडे फारसं गेलो नाही. बंगळुरूला निघालो तेव्हा मात्र पाहायचं असं काहीच ठरवलं नव्हतं. मी कुत्रं धरायला शिकायला चाललोय, हे कळल्यावर आमच्या गल्लीत बरीच करमणूक झाली, कारण मिरजेतल्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं तेच करतोय. डॉक्टर सुई लावतात, मी धरतो. हातांवर त्याच्या खुणाही आहेत.

गेलो तो खंडूसाठी. खंडू आमचा कुत्रा, पार म्हातारा झालेला. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती आणि रोज कातडीखाली सलाईन देणं भाग होतं. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की तो रिक्षातच थरथरायचा, म्हणून घरी द्यायचं ठरलं आणि देणारा अर्थातच मी. हा कुत्रा जन्मभर दारात माझ्या चपलांवर डोकं ठेवून झोपला होता. सुया सुरू झाल्यावर तो मंजूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, खाटेखाली जाऊन बसायला लागला. मी घरात आलो की शेपूट पायांत. तो बरा होणार नाही हे मला ठाऊक होतं. पण उरलेले दिवस त्याने मला घाबरत काढावेत, हे मला सहन होईना.

डॉक्टरांनीच सुचवलं, "बंगळुरूजवळ भटक्या जनावरांचं एक आश्रयस्थान आहे. तिथे आपल्यासारख्यांच्या सहायकांना शिकवतात. जाऊन ये. तोवर सलाईनचं मी बघतो."

तुम्हाला जायचं असेल तर मिरजेहून संध्याकाळची गाडी धरा, सकाळी बंगळुरूत उतरवते. स्टेशनच्या समोरच मॅजेस्टिकचा बस स्टँड आहे. आश्रयस्थान सर्जापूर रोडकडे, तिथे मेट्रो अजून पोचलेली नाही, त्यामुळे बसला पर्याय नाही आणि बसलात की घाई विसरायची. आभाळ राखाडी, पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. रस्ता जागोजागी खणलेला. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि त्यांच्यामध्ये चुकून राहिल्यासारखी नारळाची झाडं. कंडक्टर प्रत्येक थांब्यावर "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" (जरा सरकून घ्या) म्हणत आणखी चार माणसं आत ढकलायचा. निघण्याआधी मॅजेस्टिकला खारा बात, म्हणजे तिखट उपमा, आणि कॉफी घेतली, तेवढीच त्या दिवसातली बरी गोष्ट.

उतरायला भाच्याचा फ्लॅट होता. निखिल पुण्याचा, इथे आयटीत. सतराव्या मजल्यावरच्या त्याच्या घरातून सर्जापूर रोडच्या गाड्या दिसायच्या, हलताना मात्र क्वचितच.

"मामा, एक्झॅक्टली कसलं ट्रेनिंग आहे हे?" त्याने विचारलं.

"जनावर कसं धरायचं त्याचं."

"पण तुम्ही ऑलरेडी तेच करता ना?"

"करतो. पण खंडू माझ्या जवळ येत नाही."

 निखिल लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा खंडूच्या पिल्लूपणी त्यानेच त्याला चप्पल चावायला शिकवली होती. मग त्याने जेवण मागवलं आणि आम्ही टीव्ही लावून बसलो.

आश्रयस्थान सर्जापूरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. ऑटो पुढच्या चिखलात जायला तयार नसतात, थोडं चालायची तयारी ठेवा आणि पांढरे बूट घालू नका. पत्र्याच्या शेड, फणसाचं एक मोठं झाड आणि भुंकण्याचा असा कल्लोळ की पहिला तासभर आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. शिकवायला होत्या सुमित्रा अक्का. त्यांचं घर बंगळुरूतल्याच बनशंकरीत, कित्येक पिढ्यांपासून. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि कुत्र्यांशी फारसं काहीच नाही. शिकलेल्या, परवाना असलेल्या पशुवैद्यकीय तंत्रज्ञ आहेत. बाकीचे शिकाऊ कन्नड किंवा हिंदी बोलणारे असल्याने माझ्याशी मराठी बोलायला मिळतं याचा त्यांना आनंद झालेला दिसला, पण तो फार दाखवला नाही.

पहिला दिवस जनावर न धरता गेला. झोपलेल्या कुत्र्याची बरगडी बघून श्वास मोजायचे. हिरडी बोटाने दाबली की ती पांढरी पडते, पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती हळू बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. ही सगळी मला येणारी कामं. मी मनातून जरा कंटाळलो होतो, खरं सांगायचं तर जरा नाराजही. दुपारी शेडमध्येच सगळ्यांबरोबर अन्न-सारू जेवलो. अन्न म्हणजे भात, आणि सारू म्हणजे आपल्या आमटीचाच पातळ, तिखट भाऊ.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी एक कुत्री माझ्याकडे दिली. पायातून रक्त काढायचं होतं. मी नेहमीसारखा तिच्या बाजूला बसलो, एक हात मानेखालून घेतला, दुसऱ्याने तिचा पाय पुढे धरला, मानेखालच्या हाताने थोपटलं आणि म्हणालो, "झालं हं, झालं." कुत्री ताठ झाली. धडपडून सुटलीच.

"परत धरा," अक्का म्हणाल्या. "पण ह्या खेपेला बोलू नका. आणि थोपटू पण नका."

मी गप्प बसलो. कुत्री थरथरली, पण बसून राहिली.

"तुम्ही 'झालं झालं' म्हणताय तवा अजून व्हायचं असतंय, अण्णा," त्या म्हणाल्या. "एरवी असं थोपटताय काय तुम्ही कुत्र्याला? दवाखान्यात?"

मी विचार केला. एरवी कुठलं थोपटणार, समोर पुढचं जनावर असतं. म्हणजे मायेचा हात पडला की पाठोपाठ सुई येते, एवढंच त्या जनावरांना माझ्याकडून कळलं होतं. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात, आणि प्रेमाने करतात. घरीही मी तेच केलं होतं. सलाईनची बाटली टांगायची, खंडूला जवळ ओढायचं, लाडाने बोलायचं, मग टोचायचं. मला तिथल्या तिथे रडू आलं आणि मी चिखल बघत उभा राहिलो.

अक्कांनी मग त्यांची पद्धत दाखवली. शेडच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकची निळी चटई होती. सुई, ताप बघणं, नखं, कान, औषध, जे काही जनावराला नको असतं ते सगळं त्या चटईवर. चटईच्या बाहेर कुणी हिरडीसुद्धा बघायची नाही. आदल्या दिवशी आम्हाला हिरड्या दाबायला दिल्या होत्या त्याही चटईवरच, आणि रक्त काढायची ती कुत्रीही, माझं लक्ष नव्हतं. चटईवर काम मुकाट्याने करायचं आणि संपलं की लगेच उठायचं.

"चटईवर ते भितंय, भिऊ दे," अक्का म्हणाल्या. "पण बाकीचं सगळं घर त्याचं राहतंय ना. सरी, पटलं? आणि बाटली कोमट पाण्यात ठेवा स्वल्प. गार पाणी कातडीखाली गेलं की कसं वाटत असेल, बघा."

इतकी वर्षं दवाखान्यात काढून मी सलाईन कधी कोमट केलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी व्हाइटफील्डकडून एक कुत्रा आणला. ऑफिसच्या कॅबखाली आलेला, कंबर पार मोडलेली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि नकारार्थी मान हलवली. मी चटईकडे वळलो तर अक्का म्हणाल्या, "तिथं बेडा." नको. त्यांनी त्याला चादरीत उचलून फणसाखाली नेलं, जरा ऊन पडलं होतं तिथे.

"शेवटची सुई चटईवर नाही द्यायची," त्या म्हणाल्या. "ती झाल्यावर त्याला ती जागा लक्षात ठेवायची नसते. मग बऱ्या जागी का नको?"

मी त्याला धरलं, काही न बोलता. तो जाताना माझ्या मनगटावर त्याचं तोंड होतं. नंतर अक्कांनी गेटजवळच्या टपरीवर बाय-टू कॉफी सांगितली, म्हणजे एकीचे दोन पेले, इथली पद्धतच आहे. आम्ही दोघांनी ती उभ्यानेच प्यायली. त्या दिवशी मी बंगळुरूत आणखी काही पाहिलं नाही. लालबाग राहिली, ती तुम्ही बघा.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे निळी चटई आणली आणि मागच्या पडवीत टाकली. बाटली कोमट करायची, खंडूला उचलून चटईवर न्यायचं, तोंड बंद ठेवायचं, झालं की बाजूला व्हायचं. बाकी घरात मी त्याला हातही लावला नाही. मंजू म्हणाली, "हे काय नवीन? बोलणंच टाकलंस की त्याच्याशी." बरेच दिवस काहीच फरक पडला नाही. मी येताना दिसलो की तो खाटेखाली. मला वाटायला लागलं, आता उशीर झालाय.

मग एका सकाळी दार उघडायला गेलो तर खंडू माझ्या चपलांवर डोकं ठेवून झोपलेला. मी तसाच खाली बसलो आणि त्या दिवशी कामाला उशिरा गेलो. पुढे काही दिवस आमचं बरं चाललं. तो जेवायला माझ्या हातचं घ्यायचा. पडवीत नेताना थरथरायचा, परत आला की दारात येऊन पडायचा.

मग त्याने खाणं सोडलं. पाणीही पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाले, आता त्याला त्रास देण्यात अर्थ नाही, मी घरी येतो. मी त्यांना अक्कांचा नियम सांगितला आणि ठरवलं, इथेच, दारात, चपलांवर.

डॉक्टर दुपारी आले. खंडू त्याच्या जागी पडून होता. त्यांनी बॅग खाली ठेवून उघडली. त्या आवाजाने खंडूने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि उठला. मागचे पाय धरत नव्हते, तरी भिंतीला घासत घासत तो घरातून मागे गेला आणि पडवीत निळ्या चटईवर जाऊन बसला. मी त्याला उचलून परत दारात आणलं. तो पुन्हा उठला.

"राहू दे," मंजू म्हणाली. "त्याला तिथेच कळतंय."

तिने दारातून माझ्या चपला आणल्या आणि चटईवर ठेवल्या. मी चटईवर मांडी घालून बसलो. खंडूने चपलांवर डोकं टेकवलं आणि डॉक्टरांकडे पाय पुढे केला. तो थरथरत होता. मी थोपटलं नाही, काही बोललो नाही, फक्त धरलं.

संध्याकाळी अक्कांना फोन केला आणि विचारलं, तो भीत भीत गेला का.  त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक, अण्णा."

सहायक असाल तर या शिक्षणाला जरूर जा. पावसाळी कोट न्या आणि राहायची सोय आधी करा. आमच्या दवाखान्यातही आता कोपऱ्यात चटई आहे, डॉक्टर म्हणतात माझा हात सुधारलाय. घरातली चटई मात्र मला गुंडाळवत नाही. दारातली जागा सुईवाचून राहिली, ती त्याने राखली. मी तर शेवटची सुई तिथेच द्यायला निघालो होतो.