कुसुम परबच्या शोधात: गिरगाव, दादर, परळ, लालबाग

लोक ब्लॉगवर लडाख लिहितात, बाली लिहितात, तिथे कॉफी किती महाग पडली तेही लिहितात. मी गिरगाव ते दादर आणि परत लिहिणार आहे. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. महाराष्ट्र राज्य होण्याच्या आदल्या रविवारी केलेला हा प्रवास. मला तेव्हा तेविसावं लागलं होतं. त्या दिवशी आलेला राग अजून गेलेला नाही, आणि गेल्या महिन्यात तो पुन्हा उफाळून आला, म्हणून लिहायला बसले.

गिरगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत बिगुल आणि ड्रमचं पथक होतं. सगळ्यांच्या पुढे कुसुम परब, बिगुलवाली. तिच्या डाव्या हाताला मी, गळ्यात छोटा ड्रम. ड्रिलच्या बाई संचलनाआधी हजेरी घ्यायच्या तेव्हा कुसुमचा बिगुल ओठाला लागलेला असायचा. ती बोलणार कशी? म्हणून तिच्या नावाला "हजर!" मी म्हणायचे. बाईंनी तसा नियमच करून टाकला होता, बिगुलवालीची ओ डावीकडचीने द्यायची.

राज्य मिळणार हे पक्कं झालं आणि आमच्या वाडीच्या उत्सव समितीने मिरवणूक ठरवली. मुलांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं बँडपथक न विचारता पुढे. मी समितीच्या सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, "आम्हीही माजी विद्यार्थिनींचं पथक आणतो."

"वा! लेझीम का?"

"लेझीम नाही. बँड."

"बिगुल कोण वाजवणार? एखादी बाई आणून दाखवा, मग बघू. नाहीतर मुलांच्या पथकामागे आरत्या घेऊन चाला, शोभून दिसेल."

शोभून दिसेल! तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं मोर्चे निघाले तेव्हा बायका पुढे चालल्या ते शोभत होतं, आणि आता गुलाल उधळायची वेळ आली तर आम्ही मागे? मी तिथल्या तिथे ठरवलं, कुसुमला आणायचंच. तिच्याशिवाय पथक म्हणजे नुसती बडवाबडव.

शाळेच्या कपाटात एकच बिगुल शिल्लक होता. ड्रमच्या चामड्यांवर उंदरांनी ताव मारला होता. "बिगुल घेऊन जा, पण पोचा आला तर भरून द्यावा लागेल," असं मोठ्या बाईंनी दोनदा बजावलं. बिगुलाला आधीच तीन पोचे होते. मी तो भाजीच्या पिशवीत घातला आणि शालनला हाक मारली. शालन आमची मोठ्या ड्रमवाली. लग्न होऊन आमच्याच वाडीत आलेली, सासरी तिचं नाव मंगला ठेवलेलं. दोन्ही नावांना ओ द्यायची. नवऱ्याला म्हणाली, "डाळ-भात झाकून ठेवलाय, वाढून घ्या," आणि चपला घालून निघाली.

तुम्हाला हा प्रवास करायचा असेल तर आमच्या वाटेने जाऊ नका, कारण ती वाट आता नाही. आम्ही गिरगावातून पायी पायधुणीला गेलो आणि तिथून दादरची ट्राम पकडली. सल्ला एवढाच: आधी लांबच्या टोकाला जावं आणि मग घराकडे येत येत कामं उरकावीत. निदान परतीचा रस्ता तरी आपल्या बाजूने असतो.

दादरला मालती. शाळेत झांजा वाजवायची. आता डॉक्टरीणबाई, म्हणजे डॉक्टर नवरा. तिने आम्हाला सरबत दिलं, वाळ्याचं, खरोखर उत्तम. मग म्हणाली, "अगं विजू, यांचे पेशंट असतात मिरवणुकीत. मी झांजा वाजवताना दिसले तर काय म्हणतील?"

"झांजा वाजवते असं म्हणतील," शालन म्हणाली.

मालती हसली आणि आणखी सरबत घ्या म्हणाली. राज्य व्हावं म्हणून हिने गॅलरीतून फुलं टाकली होती, आम्हाला वर्णन करून सांगत होती. फुलं टाकायला हात उठतो, झांज धरायला उठत नाही. मी सरबत अर्धं ठेवून उठले. आता वाटतं, संपवायला हवं होतं.

परळला नलू, दुसरी छोट्या ड्रमवाली. जाताना कोपऱ्यावर उसळ-पाव खाल्ला. इतका तिखट की शालनच्या डोळ्यांतून पाणी. नलूला सातवा महिना लागला होता. "ड्रम अडकवू कुठे, सांग," म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. पण संध्याकाळी खुर्ची टाकून बसते, ड्रम स्टुलावर ठेवा, असं तिनेच सुचवलं. दिवसभरात मनापासून "येते" म्हणणारी ही पहिली. तिच्या सासूने मात्र आम्हाला जिन्यापर्यंत पोचवलं ते वाट दाखवायला नव्हे, पुन्हा येऊ नका हे सांगायला.

आणि मग लालबाग. कुसुमला लालबागला सावंतांकडे दिली एवढं ठाऊक होतं. चाळ सापडली. खालच्या नळावर विचारलं, "कुसुम परब कुठे राहते? आता सावंत."

"सावंत खंयचे? हय सगळे सावंतच आसत," एक बाई हंडा उचलत म्हणाली. "पण कुसुम कोण नाय."

पहिला मजला झाला, दुसरा झाला. सुक्या बोंबलांच्या वासात आम्ही दारोदार "कुसुम आहे का?" करत फिरलो. एका म्हाताऱ्याने तर आम्हाला मतदार यादीवाल्या समजून घरातली सगळी नावं सांगितली. शेवटी तिसरा मजला न चढताच पुन्हा चौकात येऊन उभ्या राहिलो, आणि शालनने कपाळावर हात मारून घेतला.

"विजू, आपण काय बावळट! अगं, तिचं नाव बदललं असणार. माझं नाही का बदललं?"

मंगला नावाची बाई दिवसभर माझ्याबरोबर फिरत होती आणि दोघींच्या डोक्यात हे आलं नव्हतं. स्वतःचाच इतका राग आला की काही विचारू नका. अहो, माणूस हरवलं तर नाव सांगून शोधता येतं. नावच काढून घेतलं तर शोधायचं कसं? ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांना पेढे. वीस वर्षं जिला आपण हाक मारली ती पोरगी त्या ताटात संपली.

"चल, घरी जाऊ," शालन म्हणाली.

मी पिशवीतून बिगुल काढला. मला वाजवता येत नव्हता, मी ड्रमवाली. पण 'जमा व्हा'चा इशारा पाठ होता. भर चौकात उभी राहून फुंकला. पहिले सूर कसेबसे आले, शेवटचा लांब सूर असा चिरकला की कबुतरं उडाली.

पाच वर्षांच्या मोर्चांनंतर लालबागच्या चाळीत बिगुल वाजला तर काय होणार? सगळ्या गॅलऱ्या भरल्या. "मोर्चा खंय?" "पोलीस इले काय?" एकजण सदऱ्यात हात घालतच जिना उतरला, दुसऱ्याने झेंडा आणला. आणि त्या गलक्यात तिसऱ्या मजल्यावरून एक आवाज खणखणीत आला:

"गाल फुगवू नकोस! पोटातून फुंक, पोटातून!"

कुसुम! हात पिठाने भरलेले, पदर खोचलेला, आणि चुकीचा सूर ऐकून चेहरा तसाच तापलेला, शाळेत तापायचा तसा. मी खालून ओरडले, "कुसुम!" तिच्या शेजारी उभी असलेली सासू म्हणाली, "ह्या कोणाक हाक मारता? आमच्या सुनेचा नाव वनिता."

वर गेलो. सासूबाईंनी पाणी दिलं आणि सांगून टाकलं, "आमची सून बँडवाली नाय. शिंगा फुकणा आमच्या घरात चलाचा नाय." नवरा गिरणीत कामाला, चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला, बोलायला अगदी गोड. म्हणाला, "ताई, तुमची भावना कळते. पण राज्य आता आलंय. बायकांनी औक्षण करावं, तेच बरं दिसतं. वनितालाही आता सवय राहिली नसेल."

मी म्हटलं, "सावंतदादा, एक विचारू? राज्याला 'मुंबई राज्य' म्हणायचं घाटत होतं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"चालणार नाही म्हणालो! आमचं नाव आम्हीच ठरवणार!" गडी लगेच सभेत पोचला.

"मग हिचं ठरवताना हिला विचारलंत?"

शालनने मला चिमटा काढला. सावंतदादांचे कान लाल झाले. मला वाटलं आता हाकलतात. पण कुसुम पुढे आली, हात पदराला पुसले, माझ्या हातातला बिगुल घेतला आणि गॅलरीत जाऊन वाजवला. 'जमा व्हा', सगळा, शेवटच्या सुरासकट. खाली अख्खी चाळ उभीच होती. त्यांनी टाळ्या पिटल्या. कोणीतरी ओरडलं, "सावंतानू, इतकी वर्षां ही बाय लपवून कित्याक ठेवलात?"

सावंत हसले आणि म्हणाले, "मीच घेऊन येतो हिला." तो होकार मनापासूनचा नव्हता, चाळ बघत होती म्हणून होता. पण मी तो पदरात पाडून घेतला आणि खाली उतरले. चिवड्याच्या दुकानातून पुडा घेतला आणि तो घरी पोचेपर्यंत आम्ही संपवला.

मिरवणुकीच्या संध्याकाळी आम्ही चौघीजणी जमलो. मोठं पथक उभं करायची स्वप्नं होती, जमल्या चार, त्यातली नलू खुर्चीत. ड्रम मुलांच्या शाळेकडून उसने आणावे लागले, तेही शंभर अटी ऐकून. सेक्रेटरींनी कर्णा तोंडाशी धरून सांगितलं, "आता आपले लढवय्ये कार्यकर्ते श्री. सावंत यांच्या पत्नी बिगुल वाजवतील." नाव नाहीच. वनितासुद्धा नाही.

ड्रिलच्या बाई आल्या होत्या, काठी टेकत. त्यांनी आपली जुनी हजेरी सुरू केली. "शालन." "हजर." "कुसुम परब."

कुसुमचा बिगुल ओठाला होता. मी सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात तिने बिगुल खाली घेतला, समोर उभ्या नवऱ्याकडे सरळ बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "हजर!" केवढ्यांदा म्हणाली! मग वाजवला.

पथक पुन्हा जमलं नाही. कोणाची मुलं, कोणाच्या बदल्या, कोणाच्या सासवा. बिगुल कपाटात परत गेला. माझं लग्न झालं तेव्हा तांदळाचं ताट आलं, मी म्हटलं, "विजयाच लिहा, नाहीतर मी उठते." विजयाच लिहिलं. कुसुम चिवड्याच्या दुकानापाशी कधीमधी भेटायची, आणि मी हाक मारली की आधी इकडेतिकडे बघायची, मग हसायची.

गेल्या महिन्यात ती गेली. दादरला एका हॉलमध्ये शोकसभा होती. आता ट्राम कुठली, टॅक्सीने गेले, गुडघे साथ देत नाहीत. फोटोखाली लिहिलं होतं 'श्रीमती वनिता सावंत'. चार माणसं बोलली, चौघंही सावंतांबद्दलच बोलली: त्यांचा तुरुंगवास, त्यांची भाषणं. मुलगा म्हणाला, "आई साधी गृहिणी होती, घराबाहेर तिचं असं काही नव्हतं." चांगला मुलगा आहे. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी उठले. कोणी माईक दिला नाही, मला लागतही नाही. "कुसुम परब!" मी हजेरी घेतली, बाई घ्यायच्या तशी. सगळे मागे वळून बघायला लागले, ही म्हातारी कोणाला शोधते आहे म्हणून. मुलगा अदबीने जवळ आला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही चुकीच्या हॉलमध्ये आलात का?"

मी तिच्या फोटोच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "हजर."