सतरा नंबरचं भांडं

माझा धाकटा भाऊ आर्लन चोपन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. मिनेसोटातल्या आमच्या गावात बर्फ काढणाऱ्या गाड्या कधी, कुठे पाठवायच्या हे ठरवायची त्याची नोकरी. मी एकसष्ट वर्षांची, अजून शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करतेय. पण दमला कोण? तो!

"अर्डिस, क्षणाची फुरसत नाही बघ," असं मलाच ऐकवतो. कसली डोंबलाची फुरसत नाही! फ्रिजवर वेळापत्रक लावलंय. सहाला पक्षी मोजणे. आठला शेजाऱ्यांच्या हिरवळीची पाहणी. विचारलंय कोणी? पण आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. फारच झालं तर माणसं म्हणतात, "अरे वा, हे वेगळंच आहे." म्हणजे आता पुरे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. हा शहाणा मात्र ते कौतुक समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

त्याची बायको मार्लिस दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायला बसते. तीही जूनअखेर नोकरी सोडणार होती. राजीनामा देऊन झाला होता, केकसुद्धा सांगून ठेवला होता. आर्लनबरोबर रोज निवांत कॉफी प्यायची, एवढीच बिचारीची हौस.

मे महिन्यात या महाशयांनी चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर 'लावलं'. कोणाच्या मयताचं जेवण असलं की घराघरांतून पदार्थ भरून काचेची भांडी तिथे येतात आणि मागे राहतात, म्हणून प्रत्येकीने तळाला चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं असतं. आर्लनने भांडी गरम पाण्यात भिजवली, पट्ट्या खरवडल्या आणि नंबर टाकले. एक ते चाळीस. कुठला नंबर कोणाचा, त्याची यादी भिंतीवर!

रविवारी चर्चमध्ये मार्लिसने आपल्या आईचं भांडं उलटं करून पाहिलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली. पट्टीवर तिनेच लिहिलेलं स्वतःचं नाव होतं, 'इंगा'. तिच्या हातचं तेवढंच अक्षर लेकीकडे उरलं होतं. आता तिथे सतरा.

"बघ, किती सोपं झालं!" आर्लन म्हणाला.

मार्लिसने अंगठ्याने तो आकडा चोळला. "हे वेगळंच आहे."

"थँक्यू!" म्हणाला मेला. तेच भांडं त्याच्या टाळक्यात घालावंसं वाटलं मला.

ते भांडं घेऊन तिघं त्यांच्या घरी आलो, तर वेळापत्रकात एक रकाना वाढलेला. वर नाव मार्लिसचं. एक जुलैपासून सहाला पक्षी, आठला हिरवळ. कॉफी दहा ते दहा वीस.

तिने ते उभ्या उभ्या वाचलं आणि फोन उचलला. "डॉक्टर, सुट्टीचा त्रास देतेय. माझ्या जागी अजून कोणाला घेतलं नाही ना? मग नका घेऊ. हो, जूननंतरही येणार आहे मी."

आर्लनचा चेहरा पडला. "अगं, मग तुझ्या रकान्यात काय लिहू?"

"सतरा," ती म्हणाली आणि आईचं भांडं पोटाशी धरून आत निघून गेली.