सासूबाईंच्या वाट्याचा शनी

माझ्या सासूबाईंना मी चारचौघांत शनी म्हणालो, आणि तेही कौतुकाने.

तेव्हा मी मुरबाडकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भाताची झोडणी उरकली आणि शहापूरकडून सासरची मंडळी पाहुणी आली. साता समुद्रापार नववा ग्रह सापडल्याचं मी नुकतंच एका मासिकात वाचलं होतं. ज्ञान पोटात मावेना!

"जावाय, ह्ये आभाळातले गिरे नक्की करतात काय?" सासऱ्यांनी खळ्यावर बसल्या बसल्या विचारलं. झालं! मी तिथेच माणसांची फिरती सूर्यमाला मांडायला घेतली.

"मामा, तुमी सूर्य. जागचं हलायचं नाय." (ते एरवीही हलत नसत.) माझी बायको गंगू झाली शुक्र, सगळ्यांत तेजस्वी. ती लाजली. मी पृथ्वी. चुलतसासरे नववा ग्रह. त्यांना इतकं लांब पाठवलं, की ते बांधापलीकडे आंब्याखाली झोपलेच! बाकीच्या जागा शेजाऱ्यांनी भरल्या.

राहिल्या सासूबाई. हातभर बांगड्या, गळ्यात सरी, पायांत तोडे. मला साक्षात्कार झाला. कडी असलेला ग्रह एकच!

"मामी, तुमी शनी!"

सासूबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काय म्हनलात?"

"तसं नाय वो! देखना ग्रह हाय. शिवाय आकारानं भला थोरला..."

"जाडी पन म्हनतात मला!"

"जाडा नाय, हलका! पान्यात टाकला तर तरंगंल..."

"आता पान्यात टाकायला निघाले!"

सासरे फिस्सकन हसले, आणि उरलीसुरली आशा संपली. सासूबाईंनी उभ्या उभ्या बैलगाडी जुंपायला लावली. "साडेसातीच्या घरात पोर ठेवायची नाय मला!" म्हणत गंगूलाही गाडीत घातलं. पाठोपाठ सूर्यही निमूट चढला. (हा नियम मासिकात नव्हता!) चुलतसासरे तेवढे मागे राहिले. संध्याकाळी डोळे चोळत आले आणि म्हणाले, "मास्तर, माजी फेरी आली का?"

करपलेल्या भाकऱ्या खाऊन खाऊन शेवटी मी पायी शहापूर गाठलं. दारात सासूबाई.

"मामी, माजी चूक झाली. तुमी शनी नाय, शुक्र!"

त्यांचा चेहरा जरा निवळला. मी पायरीवर पाऊल ठेवणार, तोच आतून गंगूचा आवाज आला.

"आनि मी कोन आता?"

सूर्यमालेत एकच जागा रिकामी होती. तिथे बायकोला बसवण्याइतका मी खुळा नव्हतो.

"शनी मीच!" मी हात जोडले.

"त्ये लग्नाच्या दिशीच कळलं व्हतं," सासूबाई म्हणाल्या, "पन अक्षता पडून गेलेल्या!"