आजोबांच्या डोक्यावरचं मशीन

आमच्या घरातलं शिवणाचं मशीन माझ्या आजोबांनी मुळशीच्या धरणाच्या पाण्यातून डोक्यावर धरून आणलं, हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की आजोबा हयात असते तर त्यांचीही मान दुखायला लागली असती. पहिल्या वर्षी पाणी गुडघ्याला होतं. तिसऱ्या वर्षी ते छातीला लागलं. पाचव्या वर्षी त्यात दोन मगरी आल्या. आमच्या भागात मगर कुणी पाहिलेली नव्हती, म्हणून तर लोक कान देऊन ऐकायचे.

खरी गोष्ट फार लहान होती. मशीन माझ्या बायकोचं. सासरे जेजुरीच्या बाजूला शिवणकाम करायचे. लग्नानंतर दोन महिन्यांनी, भातलावणीला सगळं गाव चिखलात उतरलेलं असताना, त्यांनी ते पोत्यात बांधून बैलगाडीनं धाडलं. सासऱ्याच्या मशीनवर जगतो म्हणून कुणी हसू नये, एवढ्यासाठी मी ते आमच्या माळ्यावर सापडल्याचं जाहीर केलं आणि आजोबांना पाण्यात उतरवलं. बायको ऐकायची आणि चोळ्या शिवत राहायची. ताम्हिणीपासून पौडापर्यंत तिची चोळी अंगात नाही अशी बाई मी पाहिली नाही. अर्थात नीट पाहायची सोयही नव्हती.

मग थोरला भाऊ पलटणीतून पेन्शन घेऊन परतला आणि पंचांसमोर वाटण्या निघाल्या. खाचरं झाली, बैल झाले, भांडी झाली. मग त्यानं मशीनवर हात ठेवला.

"हे आजोबांचं, म्हंजे दोघांचं. मशीन मी घेतो, तुला म्हैस देतो."

मी घाईघाईनं सांगितलं की हे आजोबांचं नाही, हिच्या माहेरचं आहे. पंच हसले. त्यांतले एक म्हातारे पंच हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "आरं, मगरीसकट तूच सांगितलंस की."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि ते कुणाला पटेना. सासरे वारले होते, साक्षीला माहेरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता म्हशीला चोळ्या शिवायला शिकवू का?" तिच्या नजरेपेक्षा मला मगरी बऱ्या वाटल्या.

म्हशीचं आणि मशीनचं मोल जुळतं का, हे ठरवायला पंचांनी पौडच्या बाजारात बसणारा मशीनदुरुस्तीवाला बोलावला. पुण्याचा माणूस, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. हवालदार चोराकडे बघतो तसा तो मशीनकडे बघत होता. चाक फिरवून त्यानं कान लावला. मग बुडाची पट्टी सरकवून खालचा दोरा धरणारा धोटा काढला. तो होडीसारखा लांबट निघाला.

तो म्हणाला की नव्या मशीनला गोल बॉबिन असते. हे होडीवालं मशीन पन्नास वर्षांच्या पुढचं. सोनेरी वेलबुट्टी पार पुसली आहे, म्हणजे पुष्कळ हात फिरलेत.

थोरल्याच्या मिशा वर गेल्या. धरण त्यामानानं पोर. म्हणजे मशीन आजोबांच्या काळातलंच! माझी थाप एका जाणकारानं, चष्मा लावून, खरी ठरवली होती.

जुनं म्हणून भाव चढेल आणि म्हैस तोकडी पडेल ही माझी आशाही त्यानं मोडली. जुन्याचे सुटे भाग मिळत नाहीत, जे चालतं त्याला मोल. आणि नेमकं साल हवं असेल तर अंगावर ठोकलेला नंबर बघावा लागेल.

नंबर असतो बैठकीवर उजव्या अंगाला, आणि आमच्याकडे तिथे शेंदराचा डोंगर होता. खंडेनवमीला अवजारं पुजायची ती तेलात कालवलेल्या शेंदरानं, ही आमच्या घराची रीत. कोयता असो, नांगर असो, हळदीचं बोटही लावायचं नाही. मी दर वर्षी इतका शेंदूर थापत आलो होतो की त्यावर नाचणी पिकली असती.

दुरुस्तीवाल्यानं घासलेटचा बोळा फिरवला आणि नखानं खरवडायला सुरुवात केली. तांबडे पापुद्रे निघत राहिले, एकेक खंडेनवमी उतरत राहिली. आणि मग एकदम पिवळं लागलं. आकड्यांच्या खाचाखाचांत पिवळीधमक हळद बसली होती.

"भंडारा," तो म्हणाला. "जेजुरीकडचं मशीन उघडलं की हाच निघतो."

थोरल्यानं बोट लावून वास घेतला. देवाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलत नसे. ती विद्या वाटणीआधीच सगळी माझ्याकडे आली होती.

"आपल्या घरात अवजाराला हळद कुणी लावली न्हाई," तो म्हणाला. "वर शेंदूर, खाली भंडारा. हे धाकटीच्या बापानं पुजलेलं हाय. ऱ्हाऊ दे तिच्याकडं. म्हैस मी ठेवतो."

माझ्या छातीवरून सह्याद्रीचं एक अख्खं शिखर उतरलं, आणि शिखर म्हणतो तेव्हा मी मापून सांगतो. दुरुस्तीवाला वहीत बघून मशीनचं साल सांगत होता, पण ते ऐकायला कुणी थांबलंच नाही. बायको केव्हाच मशीनपाशी बसून धोटा जागेवर घालत होती.

त्यानंतरच्या खंडेनवमीला तिनं माझ्या हातातली शेंदराची वाटी काढून घेतली आणि भंडाऱ्याची दिली. "आता लोकांस्नी खरं सांगा," म्हणाली.

तेव्हापासून मी खरंच सांगतो. मशीन माझ्या सासऱ्यांनी बैलगाडीनं धाडलं. वाटेत गाडीमागं वाघ लागला होता, तेवढं तिनं चालवून घेतलं आहे.