गोटीरामाची राखण

वाशीच्या खाडीकडेच्या त्या गावात सत्तर सालापर्यंत एखाद्या गोष्टीचा पक्का भरवसा द्यायचा असला, की लोक म्हणत, 'गोटीरामाची राखन हाय.' पुढे बोलायची गरजच उरत नसे. गोटीराम उघाडी सांभाळायचा, म्हणजे खारबांधातलं पाण्याचं दार. उधाणाला तिथे फळ्या लावून चिखल लिंपला नाही, तर खाडी शेतात आलीच म्हणून समजा.

त्याची बायको गोजरा हे ऐकून मनातून फुलायची आणि वर नाक मुरडायची.

तुळशीचं लग्न झालं आणि नामाच्या बहिणीचं लग्न निघालं. नामा गावातला वजनदार गडी. दागिन्यांच्या पेटीपाशी त्याला गोटीरामच हवा होता.

"आज उधान हाय," गोटीराम म्हणाला.

"उघाडीवर मी मानूस धाडतो. तू बस."

गडबडीत नामा साफ विसरला. कापून पडलेलं अख्ख्या गावाचं भात खाऱ्या पाण्यात गेलं.

पंगतीच्या लोभाने गोटीराम बांध सोडून आला, असं गाव म्हणालं. लग्नघरात त्याला सगळ्यांनीच पाहिलं होतं. नामाने तोंड उघडलं असतं तर निभावलं असतं, पण त्याने गुळणी धरली. आणि गोटीराम? ज्याच्या घरी जेवलो त्याला चव्हाट्यावर कसं आणायचं, म्हणून हा भला माणूसही गप्प. गोजराला या भलेपणाचा जन्मभर संताप आला.

तेव्हापासून चोराच्या हाती किल्ली दिली, की लोक हसून म्हणत, 'गोटीरामाची राखन.' पुढे नव्या शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्या, बांध बुजला. जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात गोटीरामाची रखवालदारी ठरत आली होती. गावच्याच कुणीतरी तिथे ते बोल ऐकवले. मग तो घराबाहेर पडेनासा झाला आणि तसाच खंगून गेला.

शहाऐंशी साली गोजरा नामाच्या तीन मजली घरात जाऊन बसली.

"नामाभाऊ, आता तरी चार लोकांत खरं सांग."

नामाही थकला होता. "वयनी, भातं गेली, ते बोलनं पन गेलं. आताच्या पोरांना गोटीराम कोन ते ठावं नाय. तो चांगला होता हे सांगायला आदी त्याला वाईट म्हनत होते, ते सांगावं लागंल."

तो खोटं बोलत नव्हता.

"मंग तसं सांग," ती म्हणाली. "आदी वाईट सांग. मी ऐकते."

माडीवर त्याची नातवंडं खेळत होती. नामाने एकदा वर पाहिलं आणि कुणालाच हाक मारली नाही.