टँपाला आपलं कोण आहे?

अप्पांनी यंदा बाल्टिमोरला पाचवं ठेवलं, आणि त्या रविवारपासून माझ्या जिवाला चैन नाही.

हे वाक्य ज्यांना कळलं नाही त्यांना आधी अप्पा कोण ते सांगायला हवं. अप्पा म्हणजे माझे यजमान शिवानंद. मुलगी अक्षता त्यांना अप्पा म्हणते, म्हणून दुकानातली माणसं अप्पा म्हणू लागली, आणि पुढे मीही. नवी पेठेत आमचं चादरी आणि टॉवेलचं दुकान आहे. अप्पांसारखा दुकानदार त्या रस्त्यावर दुसरा नसेल. गिऱ्हाइकाने विचारलं, "रंग जाईल का हो?" की हे सांगणार, "पहिल्या दोन धुण्यांत जाईल. बनियनबरोबर भिजवू नका." शेजारचे दुकानदार कपाळाला हात लावतात. गिऱ्हाईक मात्र घेऊन जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतं. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. तसा प्रसंग आला की कान लाल होतात आणि हाताशी असलेल्या टॉवेलची चांगली घडी मोडून ते ती पुन्हा घालत बसतात.

असा हा माणूस वर्षातून एकदा उघड उघड पक्षपात करतो. तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये.

अक्षता लग्न होऊन बाल्टिमोरला गेली, तेव्हा जावयांनी, दिग्विजयरावांनी, अप्पांच्या मोबाइलवर तिथले सामने लावून दिले. सासऱ्यांना करमणूक, एवढाच हेतू. तिकडे संध्याकाळी सुरू झालेला सामना इथे पहाटे दिसतो. तेव्हापासून आमच्या घरात पहाटे चहा, चटणी-भाकरी आणि "अरे पळ, पळ की!" असा ओरडा सुरू झाला. दूधवाल्याला पहिल्या दिवशी वाटलं, त्यालाच म्हणताहेत.

तिथे म्हणे पाच-पाच संघांचे गट असतात, त्यांना डिव्हिजन म्हणतात. आमच्या गटात बाल्टिमोर, बोस्टन, न्यूयॉर्क, टोरांटो आणि टँपा. जाणकारांच्या मते सगळ्यात चुरशीचा गट हाच, कोण वर येईल आणि कोण खाली जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. अप्पांना येतं. मार्च संपत आला, सामने सुरू व्हायची वेळ झाली, की एका रविवारी जेवणानंतर ते पाचही संघांचे क्रम जाहीर करतात. त्याला आमच्या घरात भाकणूक म्हणतात. आमच्या गावच्या गड्ड्याच्या यात्रेत वासराची भाकणूक होते, पाऊस कसा पडेल, काय महाग होईल, त्यावरून घेतलेलं नाव. फरक इतकाच, की वासराला दिवसभर उपाशी ठेवतात. अप्पांना उपाशी ठेवण्याची सोय नाही.

त्यांची पद्धत सोपी आहे. ज्या गावात आपलं माणूस, ते गाव वर. अक्षता बाल्टिमोरला, म्हणून बाल्टिमोर पहिलं. त्यांची धाकटी बहीण काशम्मा, तिचा शिवकुमार बोस्टनला. माझ्या भावाचा महेश्वर न्यूयॉर्कला. आणि अप्पांचे शाळेपासूनचे मित्र बसप्पा, जे भवानी पेठेत पत्र्याच्या शेड बांधून देतात, त्यांचा पुतण्या टोरांटोला. टोरांटो तर कॅनडात आहे, पण अप्पा म्हणतात, चालतंय की. मधले तीन क्रम त्या वर्षी कोण किती वेळा घरी येऊन गेलं, कुणी लग्नात काय केलं, यावर ठरतात.

टँपा कायम पाचवं. "तिथं आपलं कोण आहे?" हे त्याचं कारण. बसप्पांनी एकदा सांगून पाहिलं, "आरं, पण टँपा मागं दोनदा पयलं आलंय म्हनं." अप्पा म्हणाले, "आलं असेल. पण आपलं तिथं कोणी नाही."

यावरून भांडणं होतात ती खरी. मागे बोस्टन चौथं गेलं तेव्हा काशम्मा वन्सं भवानी पेठेतून रिक्षा करून आल्या.

"अण्णा, माझ्या शिवकुमारला चौथा काढलास?"

"शिवकुमारला नाही गं. बोस्टनला."

"तेच ते! आणि वैनींच्या भावाचा पोरगा दुसरा. देवाच्या वासराला पक्षपात नसतो, अण्णा. तुला वासरापासून शिकायला पाहिजे."

पुढच्या वर्षी बोस्टन दुसरं झालं. मधल्या काळात वन्सं चार वेळा हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, घेऊन आल्या होत्या.

अक्षता गेली त्या पहिल्या वर्षी अप्पांनी पहिलं ठेवलेलं बाल्टिमोर शंभराहून जास्त सामने हरून तळाला गेलं. अप्पा ढळले नाहीत. दोन वर्षांनी ते खरंच पहिलं आलं, तेव्हा यांनी दुकानात पेढे वाटले. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "नातू झाला काय?" हे म्हणाले, "नातू नाही, डिव्हिजन." त्या बिचाऱ्याने तेही अभिनंदन केलं. गेल्या वर्षी पुन्हा बाल्टिमोर शेवटी आणि टोरांटो पहिलं. बसप्पांनी दुकानासमोर उभं राहून हात जोडले, "बोला आता!" अप्पा शांतपणे म्हणाले, "माझी पोर तिथं राहते, आणि मी तिला पाचव्या गावात राहते म्हणू?"

आता कळलं ना, मी का अस्वस्थ आहे?

त्या रविवारी सगळे जमले होते. जेवणं झाली. अप्पांनी हात पुसले, नॅपकिनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. ते नेहमी खालून वर सांगत जातात.

"पाचवं, बाल्टिमोर."

काशम्मा वन्संच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. पुढे बोस्टन चौथं झालं तरी त्या काही बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजा. मग टोरांटो, न्यूयॉर्क. आणि सगळ्यात वर टँपा.

"टँपा?" बसप्पा म्हणाले. "तितं कोन हाय?"

"पिचिंग चांगलं आहे त्यांचं," अप्पा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी भाकणुकीला खेळातलं कारण कधी दिलं नव्हतं.

रात्री मी विचारलं, "अहो, अक्षताशी काही बोलणं झालंय का? वाजलंय का काही तुमचं?"

"छे. गेल्या वर्षी शेवटी आले, म्हणून ठेवलं शेवटी."

"मागे शेवटी आले तेव्हा का नाही ठेवलं?"

"तेव्हा मला खेळ कळत नव्हता."

कान लाल. बाप आणि लेक यांच्यात अबोला आला असेल, तर आमच्या घरात उरलं काय? दोघंही हट्टी. अक्षता लहानपणी एकदा रुसली तेव्हा बाप-लेक आठवडाभर माझ्यामार्फत बोलत होते, एकाच ताटात जेवत असताना. आता मध्ये समुद्र. आणि खरंच, हल्ली तिचा फोन आला की हे मोबाइल घेऊन गच्चीवर जायचे. म्हणे खाली रेंज नाही. रेंज स्वयंपाकघरात इतकी आहे, की शेजारचे लोक वापरतात.

मग दुसरी शंका आली, डोक्यावर परिणाम तर झाला नसेल? म्हणून सहज विचारलं, आपलं लग्न कधी झालं? तारीख सांगितली, वार सांगितला, आणि पंगतीत तुझ्या मामांनी भजी संपवली होती, हेही सांगितलं. डोकं ठिकाणावर होतं.

तीन दिवसांनी अक्षताचं पार्सल बांधायला काढलं. दर वर्षी त्यात शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दुकानातली सगळ्यात जाड चादर जाते, तिथली थंडी वाईट म्हणून. यंदा पाहते तर चादरीच्या जागी पातळ पंचे.

"चादर कुठाय?"

"कशाला उगाच वजन. थंडी कमी झालीय."

"बाल्टिमोरची?"

"जगातलीच," अप्पा म्हणाले, आणि एका पंच्याची घडी मोडून पुन्हा घालू लागले.

रुसलेला बाप पंचे पाठवत नाही, तेही निवडून निवडून. म्हणजे भांडण नव्हतं. मग काय होतं?

ते आज संध्याकाळी बसप्पांनी सांगितलं. चहाला आले होते, अप्पा दुकानातून यायचे होते.

"वैनी, शिवानंदाला काय झालंय ओ? परवा मला इचारत हुता, समुद्राकाठच्या घराला कसलं छप्पर टिकतंय, पत्रा किती वाऱ्याला उडतोय. मी म्हनलो, लेका, तू नवी पेठंत, तुज्या दारात समुद्र कुटनं आला?"

दीड वर्षापूर्वी समुद्रकाठच्या टँपाला मोठं वादळ झालं होतं. टँपाच्या संघाच्या मैदानाचं भलंमोठं छप्पर फाटून चिंध्या झालेल्या मी मोबाइलवर पाहिल्या. दोन दिवस मला अन्न गेलं नव्हतं. अक्षताला फोन करून करून विचारत होते, "तुमच्याकडे वारं सुटलंय का?" ती म्हणत होती, "आई, ते आमच्यापासून जवळजवळ हजार मैलांवर आहे!" आणि अप्पा मागून तिला सांगत होते, "हिला टँपाचं नाव नको सांगत जाऊ, बाळा."

बसप्पा गेले, अप्पा आले. जेवणं झाली. अंथरूण घातलं. दिवा मालवल्यावर अगदी सहज आवाजात विचारलं, "अहो, टँपाला आपलं कोण आहे?"

अंधारातून आवाज आला, "अजून कोणी नाही."

अजून!

आपण काय बोलून गेलो ते त्यांनाही कळलं असावं. त्यांनी तातडीने कूस बदलली आणि घोरायला सुरुवात केली. त्या कुशीवर ते कधीच घोरत नाहीत.

तर एकूण असं आहे. लेक-जावई टँपाला चालले आहेत, उकाड्याच्या गावी, म्हणून ते पंचे. बापाला ते माहीत आहे, मला सांगायचं नाही असं गच्चीवर ठरलं आहे, आणि मला काळजी वाटू नये म्हणून या दोघांनी मला आठवडाभर काळजीत ठेवलं आहे. बरं, लपवायचंच होतं, तर बाल्टिमोर पहिलं ठेवायचं ना! पण नाही. लेक निघाली, की गाव खाली. एवढ्या गुप्त गोष्टीतही भाकणूक खोटी करवली नाही त्यांना. रंग जाणार असेल तर सांगून मोकळं व्हायचं, ही सवय.

वादळाची भीती मला वाटते आहे, नाही असं कसं म्हणू. लिहिता लिहिताही दोनदा उठून आपल्याच खिडक्या लावून आले. पण पोर नव्या गावी घर मांडते आहे, आणि ते आईला सांगायचं कसं या विचारात ती तिकडे बसली असेल, हे मला त्या वाऱ्यापेक्षा सोसवत नाही. इथे मध्यरात्र झाली म्हणजे तिकडे दुपार. अप्पांचं घोरणं थांबलंय, म्हणजे कान इकडेच आहेत. असू देत.

अक्षताला फोन लावते. वादळाचं नाव काढायचं नाही. तुझ्या अप्पांनी टँपाला पहिलं ठेवलंय, तेव्हा पार्सल कुठल्या पत्त्यावर पाठवू, एवढंच विचारायचं. आणि छप्पर सिमेंटचं आहे ना, हे जाता जाता.