आगराचं मीठ आणि एंजल मासा

त्या दिवशी माझे पती कंपनीतून आले, टाकीतल्या माशांना खाणं घातलं आणि खुर्चीत बसले. मी चहा आणला तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता.

रोह्यातल्या आमच्या घरी मग सासरची माणसं येत राहिली. सासर पेणजवळ, खाडीकाठी. पिढ्यान्‌पिढ्या आगरावर मीठ पिकवणारं घर. दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. घरी आल्यावर आतेसासूबाई पदर सावरत उठल्या.

"त्याचा जीव कावल्यात कधी व्हता? माशांत व्हता. त्यांना घाल गो घास," म्हणाल्या, आणि पानातला चिमूटभर भात त्यांनी टाकीत सोडला. त्यांच्यामागून जो आला त्यानं तेच केलं. कुणी भात, कुणी वड्याचा तुकडा. तेरावं होईपर्यंत टाकीपुढे हात जोडणारी माणसं येतच होती.

घर रिकामं झालं तेव्हा टाकीतलं पाणी पेजेसारखं झालं होतं. त्यात थंडीचे दिवस. एंजल, यांचा सगळ्यात जुना मासा, कोपऱ्यात जाऊन दगडाला अंग घासत होता. त्याच्या परांवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके होते.

ते ठिपके मी ओळखले, कारण पूर्वी एकदा आमच्या घरात ते येऊन गेले होते. यांनी पेणच्या दुकानातून मोल्या, म्हणजे छोट्या काळ्या मासोळ्या, आणल्या होत्या आणि हौसेनं त्याच संध्याकाळी टाकीत सोडल्या होत्या. त्यांच्याबरोबर रोगही आला. मी टाकीजवळच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायची आणि हे वाचनात व्यत्यय आणत मला शिकवायचे.

"हा ठिपका म्हणजे किड्याचं घर. कातडीच्या आत आहे तोवर त्याला काही लागू पडत नाही. पिकला की गळून तळाशी पडतो, तिथं त्याची पिल्लं होतात, आणि ती दुसरा मासा शोधायला निघतात. तेव्हाच त्यांना गाठायचं."

"आणि पाणी गरम कशाला?"

"म्हणजे किडा लवकर पिकतो, लवकर बाहेर पडतो. आपल्याला वाट कमी बघावी लागते."

हीटरचा काटा ते हळूहळू वर न्यायचे, हवेचा पंप वाढवायचे, मीठ विरघळवून घालायचे. तळाचा गाळ नळीनं ओढून काढताना एकदा ते पाणी त्यांच्या तोंडात गेलं. मी विचारलं, "कसं आहे?" तोंड पुसत म्हणाले, "मीठ कमी पडलंय." मी पुस्तक मिटून हसत राहिले. ते कोणतं पुस्तक होतं ते आता आठवत नाही.

यावेळी हे सगळं मला करायचं होतं. एंजल जगला पाहिजे, एवढंच तेव्हा मला हवं होतं. सासऱ्यांना फोन केला आणि मीठ मागितलं. आयोडीन नसलेलं, आगराचं. ते दुसऱ्याच दिवशी कासू स्टेशनावर गाडीत बसून आले, खांद्यावर मिठाची पिशवी घेऊन.

या माशाची त्यांनी कायम थट्टा केली होती. "ह्यो तर पापलेट," ते मुलाला म्हणायचे. "पापलेटाला काचंत ठेवून जेवू घालणारा येडा आमच्याच घरात जन्मला." आता ते चष्मा काचेला टेकवून बराच वेळ बघत राहिले. मग पिशवीत हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली.

"बाबा, थांबा! मुठीनं नाही, चमच्यानं."

"चमच्यानं? आगऱ्याच्या घरात मीठ चमच्यानं कधीपासून?"

"विरघळवून घालायचं. थोडं थोडं."

"आणि ह्यो हीटर? आजाऱ्याला उकडतेस व्हय? कालवणच करून टाक ना मग."

पण बादलीत मीठ ढवळायला तेच बसले. राहतील एखादा दिवस, असं वाटलं होतं. ते राहिलेच. सकाळी आम्ही दोघं तळ साफ करायचो, काढलं तेवढं पाणी मिठासकट पुन्हा भरायचो. नळीतून गाळ जाताना ते मधेच थांबून विचारायचे, "त्यो पण असाच ओढायचा काय?" मी हो म्हणायची.

दोन मोल्या गेल्या. बाबांनी त्या तुळशीपाशी पुरल्या. एंजलच्या परांवरचे ठिपके मात्र कमी होत गेले आणि एका सकाळी एकही दिसेना. बाबांनी पिशवीचं तोंड बांधलं.

"झाला बरा. मी निघतो आता. घर बंद हाय."

"बाबा, ठिपके गेले म्हणजे किडा गेला असं नाही. तो आता तळाशी असतो. ठिपके गेल्यावरही हे काही दिवस मीठ आणि हीटर चालू ठेवायचे."

त्यांनी दारातल्या चपलांकडे पाहिलं, मग टाकीकडे. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीची गाठ सोडली.

"त्यो तसा करायचा, तर तसाच करू," म्हणाले. "चमचा आण गो."

रोग पुन्हा आला नाही. मीठ हळूहळू उतरवून साधं पाणी भरलं आणि मग बाबा गावी गेले. जाताना एंजलला काही म्हणाले नाहीत, पापलेटसुद्धा नाही.

आता टाकीत एंजल आहे आणि उरलेल्या मोल्या आहेत. त्यांचं पाणी मी बदलते.